विट्याची पावती तासगावात का निघाली

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य कचेरी सांगलीत, शाखा मिरज, तासगाव, विटा आणि जतला. नाव सांगत नाही, तशी गरजही नाही. जिल्ह्यात पतसंस्था पायलीला पन्नास आहेत आणि वायरिंगचा गुंता सगळीकडे सारखाच. काउंटरच्या प्रत्येक मशीनला त्या-त्या शाखेचा प्रिंट सर्व्हर, घड्याळ जुळवायला टाइम सर्व्हर आणि रात्रीच्या बॅकअपची जागा लावून द्यायचं काम अ‍ॅन्सिबल करतं. (अनेक मशीनं एकसारखी लावून देणारं हे सॉफ्टवेअर.) मशीन कुठल्या शाखेतलं आहे हे कुणी हाताने भरायचं नाही, त्याच्या आयपी पत्त्यावरून ओळखायचं. कल्पना झकास आहे. माझ्या आधी हे काम बघणाऱ्या माणसाने ती अमलात आणली होती, आणि भानगड होती ती त्या अंमलबजावणीत.

फोन विट्याच्या शाखाधिकारी मॅडमचा होता. “अहो दादा, सोनेतारणाची पावती हितं प्रिंटला दिली, गिऱ्हाईक समोर बसलंय, आणि कागद म्हणे तासगावात निघाला!” विटा म्हणजे गलाईवाल्यांचा पट्टा. सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यात इथली माणसं देशभर पसरलीत. कुणाचं किती तोळं गहाण पडलंय हे दुसऱ्या गावच्या शिपायाने वाचावं, हा ‘प्रिंटर जरा येड्यासारखं करतोय’ म्हणून सोडून देण्याचा विषय नव्हे.

पत्त्यांची वाटणी अशी आहे. (खरे आकडे बदललेत, हिशोब तोच ठेवलाय.) सांगलीला १०.२०.०.०/२०, मिरजेला १०.२०.१६.०/२०, तासगावला १०.२०.३२.०/२२, विट्याला १०.२०.३६.०/२२, जतला १०.२०.४०.०/२२. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे बत्तीस बिटांपैकी डावीकडचे किती बिट पक्के. /२२ म्हटलं की बावीस पक्के, दहा मोकळे, म्हणजे १०२४ पत्ते. त्यामुळे तासगावचा तिसरा आकडा ३२ ते ३५ आणि विट्याचा ३६ ते ३९.

जुन्या स्क्रिप्टात तासगाव ओळखायची अट होती: पत्ता ‘१०.२०.३’ने सुरू होतो का? लिहिणाऱ्याने तासगावची दोन-चार मशीनं बघितली असणार, सगळीकडे ३२-३३ दिसलं असणार, झालं. पण ‘१०.२०.३’ने काय काय सुरू होतं बघा. १०.२०.३.कायतरी हे सांगलीचं. १०.२०.३० आणि ३१ मिरजेचे. ३२ ते ३५ तासगाव. ३६ ते ३९ विटा. सांगलीची अट यादीत वर होती म्हणून सांगली वाचली, मिरजेत त्या टोकाला अजून मशीनच नव्हतं म्हणून मिरज वाचली. विट्याची शाखा नव्या जागेत गेली, तिथे नवी रेंज मिळाली, आणि तासगावची अट आधी लागून विट्याचं सगळं तासगावच्या खात्यावर पडायला लागलं.

पिनकोडवरून जिल्हा ओळखण्यातला हा प्रकार आहे. सांगली ४१६४१६, तासगाव ४१६३१२, म्हणजे ४१६ आपला जिल्हा म्हणायचं? तर विटा ४१५३११ निघतं, साताऱ्याच्या ४१५००१ च्या रांगेत, आणि ४१६ मध्ये अख्खं कोल्हापूर येऊन बसतं. सुरुवातीचे आकडे काहीतरी सांगतात खरे, पण हद्द कुठे आहे ते सांगत नाहीत.

“मग शेवटी एक टिंब टाकू की, ‘१०.२०.३.’ असं,” माझ्याकडे काम शिकणारा पोरगा म्हणाला. टिंबाने काय होतं? तासगावच सापडायचं बंद होतं. शिवाय तपासणी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा साचा जुळवायच्या भाषेने) केली असेल तर टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. मग १०.२०.३१ पण बसलं आणि १०.२०.३७ पण. आलो की परत विट्याला. /२२ची हद्द दशमान आकड्यांच्या मध्येच कुठेतरी पडते, ती अक्षरं जुळवून पकडता येत नाही. /८, /१६, /२४ असेल तर टिंबावर हद्द येते आणि अक्षरं जुळवून निभतं. म्हणून तर ही सवय इतकी मुरलीय. १९९३ साली सीआयडीआर (तिरक्या रेघेने हवी तिथे हद्द पाडायची पद्धत) आलं तेव्हाच ए, बी, सी क्लासची, म्हणजे हद्द टिंबावरच पाडायची सक्ती संपली. तरी कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं आजही ‘क्लास सी’ म्हणतात, आणि तो शब्द डोक्यात असला की टिंबाच्या अलीकडे-पलीकडे हद्द असू शकते हे सुचतच नाही.

खरी तपासणी कशी होते ते त्याला कागदावर करून दाखवलं, इथेही देतो. विट्याचं मशीन १०.२०.३७.१४. प्रश्न: हे १०.२०.३६.०/२२ मधलं आहे का? बावीस बिट म्हणजे पहिले दोन आकडे पूर्ण आणि तिसऱ्यातले डावीकडचे सहा. म्हणून मास्क, म्हणजे पक्के बिट १ आणि मोकळे ० धरून लिहिलेला आकडा, २५५.२५५.२५२.०. पहिले दोन आकडे जुळतातच, भांडण तिसऱ्यावर. ३७ म्हणजे ००१००१०१. २५२ म्हणजे ११११११००. दोन्हींची जागच्या जागी ‘अँड’ केली, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवला, तर उरतं ००१००१००, म्हणजे ३६. नेटवर्कचा तिसरा आकडा ३६. जुळलं, विटा. तासगावशी ताडून बघा: तिथेही मास्क हाच, उत्तर ३६ च येतं, पण हवं होतं ३२. नाही जुळलं. संपला विषय. राउटरही पाकीट कुठे ढकलायचं ते असंच ठरवतो, आणि एकापेक्षा जास्त नेटवर्कं जुळली तर ज्याचे पक्के बिट जास्त ते धरतो. आपल्या यादीतही तोच नियम ठेवायचा, म्हणजे कुठली अट वर आणि कुठली खाली यावर काही अवलंबून राहत नाही.

हे हाताने करायची अर्थातच गरज नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ३.३ आवृत्तीपासून आयपीअ‍ॅड्रेस नावाचं मॉड्यूल घरचंच आहे. पत्त्याची वस्तू करा, नेटवर्कची वस्तू करा, आणि हा त्याच्यात आहे का असं ‘इन’ लावून विचारा. अ‍ॅन्सिबलमध्ये यूटिल्स कलेक्शनात ‘इन नेटवर्क’ आणि ‘इन एनी नेटवर्क’ अशा दोन तपासण्या तयार मिळतात. पहिली एका नेटवर्कसाठी, दुसरीला यादी देता येते. जुना ‘आयपीअ‍ॅडर’ फिल्टरही (पत्ता देऊन उत्तर घ्यायचं छोटं साधन) आहे, त्याला नेटअ‍ॅडर ही पायथन लायब्ररी लागते. ती कुठे टाकायची यावर पुष्कळांची संध्याकाळ जाते. फिल्टर अ‍ॅन्सिबल चालवणाऱ्या मशीनवर चालतात, ज्याच्यावर काम करायचंय त्याच्यावर नाही. तेव्हा लायब्ररी चालवणाऱ्याकडे हवी, आणि अ‍ॅन्सिबल जो पायथन वापरतं त्याच पायथनमध्ये. आमच्याकडे अ‍ॅन्सिबल-पुल आहे, मशीन स्वतःच प्लेबुक (करायच्या कामांची लिहिलेली यादी) ओढून घेतं आणि स्वतःवर चालवतं, म्हणून आम्हाला ती सगळीकडे टाकावी लागते.

‘इन एनी नेटवर्क’ हो किंवा नाही एवढंच सांगतं. कुठल्या नेटवर्कात, ते नाही सांगत. फायरवॉलला आत घ्यायचं की नाही एवढंच ठरवायचं असेल तर ते पुरतं. शाखा ओळखायची असेल तर शाखा आणि नेटवर्क अशी जोड्यांची यादी फिरवावीच लागते. मी एक छोटा पायथन फिल्टर लिहून ठेवलाय: पत्ता द्या, यादी द्या, शाखेचं नाव घ्या.

इथवरचं कुणीही सांगेल. मला खरं म्हणायचंय ते ‘नाही’ या उत्तराबद्दल. ‘हो’ आलं की बहुधा काम होतं. ‘नाही’ मात्र चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी येतं, आणि बहुतेक प्लेबुकं त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजून ‘नसेल तर मुख्य कचेरी’ असं करून मोकळी होतात. ती ‘नसेल तर’ची ओळ मी आधी काढून टाकतो.

पहिलं ‘नाही’ सरळ: पत्ता खरा आहे, पण यादीतल्या कुठल्याच नेटवर्कात नाही. नवी शाखा निघाली आणि यादीत चढवायची राहिली, असं काहीतरी.

दुसरं ‘नाही’ म्हणजे आपण चुकीचाच पत्ता विचारला. अ‍ॅन्सिबल मशीनचा ‘डिफॉल्ट’ पत्ता देतं तो बाहेर जायचा मुख्य रस्ता ज्या इंटरफेसवरून आहे त्याचा. जतला लाइन गेली की तिथला कॅशियर स्वतःचा फोन यूएसबीने लावतो. हुशार माणूस आहे, काउंटर बंद पडू देत नाही. पण त्या घटकेला मशीनचा मुख्य रस्ता फोनमधून असतो आणि पत्ता १९२.१६८.४२.कायतरी होतो. मशीन जतमध्येच आहे, खुर्चीही हललेली नाही. इथे मशीनचे सगळे पत्ते घेऊन त्यातला कुठला यादीत बसतो ते बघणं बरं. मात्र त्यालाही एक काटा आहे. शाखेच्या सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचा स्वतःचा पूल (ब्रिज) १७२.१७.०.१ घेऊन बसलेला असतो. तुमच्या यादीत कुणी ‘खासगी पत्ते सगळे आपलेच’ म्हणून १७२.१६.०.०/१२ घातलं असेल, तर डॉकरचं प्रत्येक मशीन ‘हो’ म्हणणार. आयफोनचा हॉटस्पॉटही १७२.२०.१० मध्ये पत्ते वाटतो, तोही त्याच /१२ मध्ये. यादीत आपल्या शाखा लिहायच्या. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रकाने खासगी वापराला सोडलेली तिन्ही मैदानं लिहायची नाहीत.

खासगीवरून आठवलं. जतच्या राखीव लाइनीला सिमकार्डवाला राउटर आहे. त्याला मोबाइल कंपनीकडून १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळतो. ही १००.६४.०.०/१० रेंज २०१२ साली खास सेवा पुरवठादारांसाठी वेगळी काढली, एकाच जाहीर पत्त्यामागे हजारो गिऱ्हाइकं बसवायला. पायथनला विचारलं ‘हा खासगी का?’ तर तो नाही म्हणतो. ‘मग जाहीर का?’ तरी नाहीच म्हणतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. खासगी नाही म्हणजे जाहीरच, असं धरून कुणी फायरवॉलचा नियम लिहिला असेल तर तो तिथे फसतो.

तिसरं ‘नाही’ सगळ्यात फसवं: दिलेला मजकूर पत्ताच नाही. एक्सेलमधून आलेल्या यादीत शेवटी एक स्पेस चिकटलेली असते. नाहीतर कुणीतरी क्रमाने लावायला सोपं जावं म्हणून ०१०.०२०.०३६.००५ असं शून्यं भरून लिहिलेलं असतं. हे दिसायला निरागस. पण सी भाषेतलं पत्ता वाचायचं जुनं फंक्शन शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान धरतं, आणि त्याच्या हिशोबाने हा पत्ता ८.१६.३०.५ होतो, म्हणजे थेट दुसऱ्या कुणाच्या तरी जाहीर नेटवर्कात. पायथनने ३.९.५ पासून असा पत्ता घ्यायचंच बंद केलं, ते बरं केलं. आणि आपल्यासाठी खास: मराठी कीबोर्डवर देवनागरी आकड्यांत पत्ता लिहिला तर? पायथन नुसता ‘१०’ हा देवनागरी आकडा दहा म्हणून बिनबोभाट वाचतो, पण आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल तोच आकडा पत्त्यात चालवून घेत नाही. तेव्हा हा लेख वाचून पत्ते कॉपी-पेस्ट करू नका.

पायथन निदान अशा वेळी एरर देऊन थांबतो. अ‍ॅन्सिबलचा आयपीअ‍ॅडर फिल्टर थांबत नाही. पत्ता नेटवर्काबाहेरचा असला तरी अटीत ते ‘नाही’च ठरतं, आणि मजकूर पत्ताच नसला तरी ‘नाही’च. म्हणून मी दोन पायऱ्या करतो. आधी ‘हा आयपी पत्ता तरी आहे का’ एवढंच असर्टने (अट जुळली नाही तर काम थांबवणाऱ्या पायरीने) तपासायचं, आणि नसेल तर मिळालेला मजकूर अवतरणचिन्हांत घालून एररमध्ये छापायचा, म्हणजे चिकटलेली स्पेस डोळ्यांना दिसते. मगच नेटवर्काचा प्रश्न.

चौथं ‘नाही’ मुख्य कचेरीच्या पोर्टलवर दिसलं. शाखांच्याच मशीनना आत घ्यायचं अशी यादी होती, यादी बरोबर, पत्ता बरोबर, तरी दार बंद. लॉगमध्ये बघितलं तर पत्ता ::एफएफएफएफ:१०.२०.३७.१४ असा. सर्व्हर आयपीव्ही६च्या (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीच्या) सॉकेटवर जुन्या-नव्या दोन्हींचं ऐकत असला की जुना पत्ता असा नव्या वेष्टनात येतो. माणसाला तो एकच दिसतो. पायथनला मात्र हा व्ही६ पत्ता आणि ते व्ही४ नेटवर्क. जात वेगळी म्हटल्यावर बिट न तपासताच ‘नाही’, आणि तेही एरर न देता. आधी वेष्टन काढायचं (त्याची सोय त्याच मॉड्यूलमध्ये आहे), मग विचारायचं.

आता यादीकडे. तपासणी कितीही चोख असली तरी ती यादीइतकीच खरी, आणि आमची यादी मुख्य कचेरीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होती. पलूसला नवी शाखा काढायचं ठरलं तेव्हा त्या कागदावर कुणीतरी पेनाने लिहिलं होतं: पलूस, १०.२०.३८.०/२२. ३८ मोकळा दिसला म्हणून घेतला. पण /२२ची हद्द चाराच्या पटीतच पडते, ३६ नंतर थेट ४०. ३८ हा विट्याच्या मध्यावर आहे. ही ओळ आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलला दिली तर तो ‘होस्ट बिट सेट आहेत’ (म्हणजे मोकळ्या बिटांतही १ आहे) असं म्हणून नाकारतो. बरोबर नाकारतो. पण ही एरर इंटरनेटवर शोधली की पहिला सल्ला हमखास मिळतो: ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे ही काटेकोर तपासणी, बंद करा. केलंत की एरर जाते आणि पलूसचं नेटवर्क गुपचूप १०.२०.३६.०/२२ होऊन बसतं. म्हणजे विटाच. पावत्या परत गावभर फिरायला मोकळ्या.

म्हणून यादी आता एका वायएएमएल (साध्या मजकुराच्या) फाइलीत, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये. बदल आला की आधी एक छोटं स्क्रिप्ट धावतं. प्रत्येक ओळ स्ट्रिक्ट ठेवून वाचता येते का, आणि कुठली दोन नेटवर्कं एकमेकांवर चढतात का, एवढंच बघतं. आयपीअ‍ॅड्रेसमध्ये त्याला ‘ओव्हरलॅप्स’ नावाची सोय आहे, जोडीजोडीने विचारायचं. आमच्या शाखांपुरता तरी एकावर एक चढणं हा गुन्हाच धरलाय.

एक जागा अशी आहे की जिथे यातलं काहीच कामाला येत नाही. तासगाव आणि कवठे महांकाळ भागातली बेदाण्याची दोन कोल्ड स्टोअरेजेस माझ्याकडे आहेत. दोन्हींकडे राउटर डब्यातून निघाला तसा लावलेला, दोन्हींकडे १९२.१६८.१.०/२४. तापमान नोंदवणारं यंत्र इथेही १९२.१६८.१.५०, तिथेही १९२.१६८.१.५०. पत्ता नेटवर्कात आहे का? आहे. कुठल्या? ते पत्त्यात लिहिलेलंच नाही. तिथे मशीनचं नाव इन्व्हेंटरीत (मशीनांच्या यादीत) हाताने घालणं हाच मार्ग, नाहीतर एका ठिकाणची रेंज बदलायची. मालकांना रेंज बदलायचं म्हटलं तर ते म्हणतात, “चालतंय ते कशाला उकरताय अण्णा?” बेदाण्याचा हंगाम संपल्यावर बघू.

पतसंस्थेत आता कुठल्याही कारणाने ‘नाही’ आलं तर प्लेबुक त्या मशीनपुरतं थांबतं, आधीची सेटिंग्ज तशीच ठेवतं आणि मला मेल टाकतं: मशीनचं नाव, सापडलेले सगळे पत्ते, आणि ‘नाही’ कुठल्या प्रकारचं ते. मुख्य कचेरीतल्या साहेबांना हे सुरुवातीला पटलं नाही. “थांबतं म्हणजे? आधी तर कायतरी लागायचं की!” मी म्हटलं, साहेब, ते ‘कायतरी’ म्हणजे तासगावचा प्रिंटर. मग गप्प बसले.

पलूसला १०.२०.४४.०/२२ दिलाय. पेनाने लिहिलेली ओळ खोडली, कागद कपाटावरून काढला. पोरगा पुढच्या आठवड्यात तिकडे स्विच बसवायला जाणार आहे, आणि फाइलीतला बदल त्यानेच टाकलाय, स्ट्रिक्ट चालू ठेवून.